मालवणात टायरचं दुकान : मे महिन्यात कमाई, जून-जुलैत कसोटी

मालवण : तालुक्यात टायरशिवाय कोणाचंच पान हलत नाही. मालवण शहरात रेल्वे येत नाही. कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवलीला उतरायचं आणि पुढचा प्रवास एसटीने, रिक्षाने नाहीतर स्वतःच्या गाडीने करायचा. मासळी न्यायला टेम्पो, चिरे न्यायला ट्रक, पर्यटकाला तारकर्ली-देवबागला सोडायला रिक्षा, पोरांना कॉलेजला जायला स्कूटर. त्यामुळे गावाकडे एक समज पक्का आहे, की टायरचं दुकान टाकलं म्हणजे ते चाललंच.

प्रत्यक्षात हा धंदा दिसतो तेवढा सोपा नाही. टायर ही वस्तू महाग आहे, जागा खाते, तिच्यावर सुटतं कमी आणि उधारी मागितली जाते जास्त. त्यात मालवणची एक खास अडचण आहे. इथे टायरची सगळ्यात जास्त गरज पावसाच्या तोंडावर लागते आणि नेमका तेव्हाच लोकांच्या हातातला पैसा आटतो. हे गणित ज्याला जमलं, त्याचं दुकान टिकतं. कंपनीचा बोर्ड किंवा चकचकीत काच त्यानंतर येते.

मालवणचं वर्ष कसं फिरतं?

दिवाळीपासून मे अखेरपर्यंत किनाऱ्यावर पैसा खेळतो. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मग आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा आणि शेवटी एप्रिल-मेमध्ये मुंबईकर चाकरमानी. रिक्षावाले, भाड्याने स्कूटर देणारे, होम-स्टेवाले, बोटवाले, सगळ्यांचा हा सुगीचा काळ. गाड्या दिवसरात्र धावतात आणि टायरही याच काळात सर्वात जास्त झिजतात.

मग पाऊस सुरू होतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते. किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यात थांबतात. चिऱ्याच्या खाणींवरचं काम मंदावतं. शेतकऱ्याचा पैसा बियाणं, खत आणि लावणीत अडकतो. शाळा-कॉलेजच्या फिया याच महिन्यात. आणि नेमक्या याच महिन्यात ओल्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी घसरते आणि माणसाला टायर आठवतो.

त्यानंतर येते गणेश चतुर्थी. मुंबई-पुण्याहून गाड्या महामार्गाने खाली उतरतात. खड्ड्यात आपटून वाकलेल्या रिमा, कापलेले टायर आणि फुगा आलेल्या बाजू घेऊन त्या गावात पोचतात. हे गिऱ्हाईक रोख पैसे देतं, पण त्याला टायर आत्ताच्या आत्ता हवा असतो. दुकानात तो साइज नसेल तर गाडी थेट कणकवली-कुडाळला जाते.

म्हणून जाणता दुकानदार माल एप्रिलमध्ये भरतो आणि मे महिन्यात विकतो. मे महिन्यात येणाऱ्या प्रत्येक गाडीचे चारही टायर फुकट बघून द्यायचे, स्टेपनीसकट. ‘पावसाआधी हे दोन बदला, बाकीचे दोन चालतील’ असं स्पष्ट सांगायचं. रिक्षावाल्याच्या हातात तेव्हा पैसे असतात. तोच रिक्षावाला जुलैमध्ये आला, तर टायर उधारीवरच जाणार हे धरून चालावं.

माल भरताना गावातली गाडी बघा

नवीन दुकानदाराची पहिली चूक मालातच होते. वितरकाची स्कीम असते. एवढे टायर उचला, एवढी सूट मिळेल. सूट बघून माल भरला जातो आणि त्यातले निम्मे साइज तालुक्यात कोणाच्या गाडीला लागतच नाहीत.

याला साधा उपाय आहे. दुकान टाकण्याआधी पंधरा दिवस वही घेऊन बसायचं. बाजारपेठ, एसटी स्टँड, भरड नाका, कट्टा, आचरा, चौके अशा ठिकाणी कुठल्या गाड्या उभ्या असतात ते लिहून काढायचं. किनाऱ्यावर स्कूटर आणि रिक्षा जास्त, आतल्या गावात मोटारसायकल, पिकअप आणि छोटे टेम्पो जास्त असं चित्र वहीत आपोआप दिसतं. मग त्या गाड्यांचे साइज काढायचे. रिक्षाचा 4.00-8, अॅक्टिव्हाचा 90/100-10, जुन्या अल्टो 800 चा 145/80 आर 12, स्विफ्टचा 165/80 आर 14, असे रोज लागणारे साइज कधीच संपू द्यायचे नाहीत. महिन्यातून एकदा लागणारा साइज ठेवण्यापेक्षा तो दुसऱ्या दिवशी कोण आणून देईल याची सोय करून ठेवावी.

हे आकडे वाचायचे कसे, तेही गिऱ्हाइकाला समजावून सांगावं. 165/80 आर 14 म्हणजे टायरची रुंदी 165 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 80 टक्के, आर म्हणजे रेडियल आणि 14 इंची रिम. पुढे भार आणि वेगाचा आकडा-अक्षर असतं. पिकअप आणि टेम्पोच्या टायरवर ‘पीआर’ म्हणजे प्लायचा आकडा असतो. रिमला बसतो म्हणून कारचा टायर मालवाहू गाडीला लावणं हे सरळ अपघाताला बोलावणं आहे. दोनशे-चारशे रुपये वाचतील म्हणून कोणी मागितला, तरी देऊ नये.

आणखी एक आकडा फार महत्त्वाचा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडी तारीख असते. 2324 असेल तर टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर पडून पडून कडक होतं. ऊन लागलं, खारी हवा लागली, की बारीक भेगा पडतात. दुकानदाराने आधी आलेला माल आधी काढायचा. जुनी तारीख असेल तर ती लपवू नये. तारीख दाखवून किंमत कमी करून द्यावी. आज गिऱ्हाईक मोबाइलवर तारीख कशी वाचायची ते बघूनच येतं.

टायरवर आयएसआय खूण आहे ना, हेही बघून घ्यावं. गाड्यांच्या टायरसाठी ती सक्तीची आहे. बिनखुणेचा स्वस्त माल दुकानात ठेवला, तर आज चार पैसे जास्त सुटतील आणि उद्या फुटलेल्या टायरबरोबर गिऱ्हाईक दारात उभं राहील.

पडून असलेला टायर पैसे खातो

दुकानात तीन लाखांचा माल आहे आणि भांडवल कर्जाचं आहे असं समजू. वर्षाला 12 टक्के व्याज धरलं तर 36 हजार रुपये, म्हणजे महिन्याला 3 हजार. माल विकला गेला काय आणि नाही काय, हा खर्च चालूच. चार हजारांचा एक टायर वर्षभर भिंतीला टेकून राहिला, तर त्याचं व्याजच 480 रुपये झालं. त्यावर सुटणार होते तीनशे. म्हणजे तो टायर विकून 180 रुपयांचा तोटा झाला, आणि दुकानदाराला वाटतं आपण धंदा केला.

दर महिन्याच्या शेवटी एकदा सगळ्या टायरांची यादी करायची. सहा महिन्यांहून जास्त पडलेले वेगळे काढायचे आणि मिळेल त्या बऱ्या किमतीला मोकळे करायचे. मोकळ्या झालेल्या पैशातून रोज लागणारे साइज भरायचे. वहीत लिहा, मोबाइलवर लिहा, पण लिहा.

सुटतं कुठे?

टायरची किंमत आता मोबाइलवर दिसते. इंटरनेटवर काय भाव आहे ते दाखवूनच गिऱ्हाईक घासाघीस सुरू करतं. कंपनीच्या स्वतःच्या दुकानाला मिळणारी सूट स्वतंत्र दुकानदाराला मिळत नाही. भावाच्या शर्यतीत उतरलं, तर तालुक्यातलं छोटं दुकान हरणारच.

पण इंटरनेटवरून आलेला टायर आपोआप रिमवर चढत नाही. तो उतरवणं, बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवीन व्हॉल्व्ह, हवा, पंक्चर, दोन टायर पुढचे मागे करून देणं, ही सगळी कामं हाताची आहेत आणि गावातच होतात. दुकानाचं घरभाडं आणि कामगाराचा पगार याच कामांतून निघाला पाहिजे. टायरवर सुटेल ते वरचं.

बाहेरून टायर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून देणारे दुकानदार असतात. त्यात तोटा दुकानदाराचाच. बसवायचा दर भिंतीवर लिहून ठेवायचा, तेवढे पैसे घ्यायचे आणि काम नीट करून द्यायचं. पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक टायरही तिथेच विचारतं, कारण वॉरंटीचं लफडं निघालं तर समोर माणूस लागतो हे त्याला कळलेलं असतं.

मशीन घेताना मात्र हिशेब करावा. समजा अलाइनमेंट मशीनचा हप्ता महिन्याला 15 हजार आहे आणि एका गाडीमागे खर्च जाऊन 250 रुपये सुटतात. हप्ता भरायला महिन्याला 60 गाड्या लागतील, म्हणजे दिवसाला दोनाहून जास्त, पावसाळ्यातसुद्धा. एवढ्या कार येत नसतील तर आधी टायर बदलायचं मशीन आणि बॅलन्सर घ्यावा, आणि अलाइनमेंटला गाडी दुसऱ्याकडे पाठवावी. गिऱ्हाईक स्कूटर-रिक्षाचं असेल, तर अलाइनमेंट मशीन शोभेला राहील.

उधारी : एकाने बुडवले, एकोणीस जणांनी भरले

गावात उधारी पूर्ण बंद करता येत नाही. ‘चतुर्थी झाली की देतंय’ म्हणणारा रिक्षावाला बहुतेक वेळा देतोच. प्रश्न तो नाही. प्रश्न आहे किती जणांना, किती रकमेची आणि किती दिवस.

हिशेब असा. टायर 4 हजारांना विकला. खरेदी 3,800 ची, म्हणजे सुटले 200. हा एक टायर उधारीत बुडाला, तर 3,800 रुपये भरून काढायला तसेच 19 टायर रोखीने विकावे लागतात. एकोणीस टायरची मेहनत एका बुडव्यासाठी.

म्हणून काही नियम आधीच ठरवून ठेवावे लागतात. पंक्चर, हवा, बॅलन्सिंग यांची उधारी नाही. टायरची उधारी द्यायची तर निम्मे पैसे आधी, म्हणजे दुकानदाराचं अडकतं कमी. एका गाडीची जुनी बाकी असताना नवीन उधारी नाही. तारीख वहीत लिहायची आणि त्याच्यासमोर लिहायची. नातेवाइकाला वेगळा नियम नाही, कारण बाजारपेठेत ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडे होते.

मासळीच्या टेम्पोवाल्याला जून-जुलैत पैसे मागून उपयोग नाही, त्याच्याकडे नसतातच. त्याची वसुली मे अखेरपर्यंत झाली पाहिजे, नाहीतर हंगाम सुरू झाल्यावरची तारीख आधीच ठरवायला हवी. दुसरा मार्ग म्हणजे भिशीसारखी बचत. रिक्षावाला हंगामात दर आठवड्याला शे-दोनशे रुपये दुकानात जमा करतो आणि मे महिन्यात त्यातून टायर घेतो. पैसे जमा होताना दोन्ही बाजूंनी सही हवी आणि ते पैसे दुकानदाराने आपल्या खर्चात वापरता कामा नयेत. तेवढा विश्वास नसेल तर ही बचत पतसंस्थेत किंवा बँकेतच केलेली बरी.

खारी हवा आणि गंजलेली रिम

किनाऱ्यावरच्या दुकानाला एक काम घाटावरच्या दुकानापेक्षा जास्त येतं. हवेतल्या मिठामुळे रिमची कड गंजते. टायर जिथे रिमला चिकटून बसतो तिथेच गंज धरला, की ट्यूबलेस टायरमधून हवा हळूहळू जाते. गिऱ्हाईक म्हणतं पंक्चर आहे, पाण्यात बुडवून बघितलं तर खिळा कुठेच नाही. मासळीच्या टेम्पोत तर बर्फाचं खारं पाणी थेट चाकावर ठिबकतं.

अशा वेळी पट्टी मारून पैसे घेणं म्हणजे फसवणूक. टायर उतरवायचा, रिमची कड तारेच्या ब्रशने घासायची, व्हॉल्व्ह बदलायचा, कडेला सीलंट लावायचं आणि मग टायर बसवायचा. रिम फारच खाल्ली असेल तर ती बदलायला सांगायचं. कामाला वेळ जास्त लागतो म्हणून दरही जास्त घ्यावा. पण काय केलं ते दाखवून घ्यावा. काढलेला गंज आणि जुना व्हॉल्व्ह गिऱ्हाइकासमोर ठेवला, की पैशावरून वाद होत नाही.

कंप्रेसरची गोष्टही तशीच. दमट हवेमुळे टाकीत पाणी साठतं. रोज सकाळी खालचा नळ सोडून ते काढलं नाही, तर तेच पाणी हवेबरोबर टायरमध्ये जातं आणि टाकी आतून गंजते. गंजलेली टाकी फुटली तर जीवावर बेततं.

जीवाचा दुसरा धोका ट्रकच्या लॉक रिंगचा. चिऱ्याच्या आणि वाळूच्या जुन्या ट्रकांना अजून अशा रिमा असतात. हवा भरताना रिंग नीट बसलेली नसेल, तर ती सुटून बंदुकीच्या गोळीसारखी उडते. ट्रकचं काम घ्यायचं तर लोखंडी पिंजरा घ्यावाच, हवेची नळी लांब ठेवावी आणि हवा भरताना कोणालाही समोर उभं राहू देऊ नये. पिंजरा परवडत नसेल, तर ट्रकचं काम परवडत नाही असंच समजावं.

‘आता बदलू नकात’ म्हणायची हिंमत

टायरच्या धंद्यात गिऱ्हाइकाला खरं काय ते कळत नाही, दुकानदाराला कळतं. इथेच दुकान मोठं होतं किंवा बुडतं.

टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली, की टायर संपला. कायद्याने कारला किमान 1.6 मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीला 0.8 मिलिमीटर खाच लागते. ओल्या रस्त्यावर या खाचाच चाकाखालचं पाणी बाहेर फेकतात. टायर गोटा झाला, की चाक पाण्यावर तरंगतं, ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावर लाल माती उतरते. तिच्यावर गोटा टायर म्हणजे साबणावर पाय. फोंडा, करूळ किंवा आंबोली घाटात तर विचारूच नका.

पण खाचा पुरेशा असतील, रबर मऊ असेल आणि तारीखही फार जुनी नसेल, तर दुकानदाराने सांगितलं पाहिजे, ‘काकानू, ह्यो टायर अजून एक पावसाळो काढतलो, आता बदलू नकात.’ त्या दिवशी एक विक्री गेली. पण ते काका घरातल्या चार गाड्या पुढे त्याच दुकानात आणतात आणि वाडीत सांगतात.

तेच पंक्चरचं. नक्षीच्या भागातलं छोटं भोक दुरुस्त होतं. बाजूला, म्हणजे साइडवॉलला, भोक असेल तर दुरुस्ती टिकत नाही. बाजूला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेत, टायर टाकून द्यायचा. गिऱ्हाईक कितीही म्हणालं ‘तात्पुरती पट्टी मार’, तरी मारायची नाही. नायट्रोजन हवेचंही तसंच. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. ज्याला भरायचा त्याला भरून द्यावा, पण ‘नायट्रोजन भरला की मायलेज वाढतं’ असं सांगून पैसे काढू नयेत. दर पंधरा दिवसांनी हवा तपासली, तर साध्या हवेवरही टायर पूर्ण आयुष्य देतो.

परदेशातलं एक उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात प्राइनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. लेस श्वाब हा वृत्तपत्राच्या वितरणाचं काम करणारा माणूस. 1952 साली त्याने तिथे एक टायरचं दुकान विकत घेतलं. तोपर्यंत त्याने स्वतः एकही पंक्चर काढलं नव्हतं. पुढे पंक्चर फुकट काढून देणं आणि कामगारांना नफ्यात वाटा देणं या दोन गोष्टींसाठी त्याची दुकानं ओळखली गेली. 2007 साली तो वारला तेव्हा पश्चिम अमेरिकेत त्याच्या नावाची शेकडो दुकानं होती. फुकट पंक्चर मालवणात परवडेलच असं नाही. पण कामगाराला वाटा देण्याचा विचार इथल्या दुकानदाराने जरूर करावा. हात बसलेला पोरगा दोन वर्षांनी गोव्याला किंवा मुंबईला निघून जातो आणि दुकान पुन्हा शून्यावर येतं, ही तक्रार कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकू येते. महिन्याच्या नफ्यातला छोटा हिस्सा त्याला मिळाला, तर तो दुकान आपलं समजून काम करतो.

पर्यटक कसा पोचणार?

मिशेलिन ही फ्रान्समधली टायर कंपनी. 1900 साली तिने गाडीवाल्यांसाठी एक छोटं पुस्तक काढून फुकट वाटलं. त्यात नकाशे होते, टायर कसा बदलायचा ते होतं, इंधन आणि मेकॅनिक कुठे मिळतो ते होतं. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजतील, एवढा साधा हिशेब. आज रेस्टॉरंटना तारे देणारं जे मिशेलिन गाइड आहे, ते त्याच पुस्तकातून वाढलं.

मालवणच्या दुकानदाराला पुस्तक काढायची गरज नाही. तारकर्ली, देवबाग, वायरी, चिवला बीच इथल्या होम-स्टेमध्ये दुकानाचा नंबर लावलेला असावा. मोबाइलच्या नकाशावर दुकानाची जागा, वेळ आणि नंबर बरोबर असावा. देवबागला रात्री नऊ वाजता गाडी पंक्चर झाली, तर एक माणूस स्कूटरवर सामान घेऊन पोचला पाहिजे. जाण्या-येण्याचा दर आधीच फोनवर सांगावा. अडलेल्या पर्यटकाला लुटलं, तर तो पैसे देऊन जातो, पण मालवणचं नाव खराब करून जातो. भाड्याने स्कूटर देणाऱ्यांबरोबर महिन्याचं बोलणं ठरवलं, तर दर सोमवारी त्यांच्या सगळ्या गाड्यांची हवा आणि टायर बघण्याचं बारमाही काम मिळतं.

कागदपत्रं आणि कर

22 सप्टेंबर 2025 पासून नवीन टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवर तो 5 टक्के झाला. कराआधी 4 हजार किंमत असलेला टायर पूर्वी 5,120 ला पडायचा, तो 4,720 ला पडतो. बिलात हा फरक गिऱ्हाइकाला दाखवावा.

नोंदणीची मर्यादा बघताना अनेकांचा गोंधळ होतो. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत सूट आहे. पण टायरच्या दुकानात पंक्चर, बॅलन्सिंग अशी सेवाही असते, त्यामुळे 20 लाखांची मर्यादा धरून चालावं आणि आपल्या सीएला विचारून घ्यावं. कंपोझिशन योजनेत कागदी काम कमी होतं, पण करासह पक्कं बिल देता येत नाही. चिऱ्याचा व्यापारी, वाहतूकदार अशी मोठी गिऱ्हाइकं पक्कं बिल मागतात. ती हवी असतील तर नेहमीची नोंदणीच बरी.

भांडवलासाठी मुद्रा कर्जाचे टप्पे आहेत. शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. तरुण कर्ज नीट फेडलेल्याला 20 लाखांपर्यंतही मिळू शकतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. सरकारी योजनांची चौकशी सिंधुदुर्गनगरीतल्या जिल्हा उद्योग केंद्रात करावी. कर्ज मिळतं म्हणून मोठं घेऊ नये. हप्ता जुलैमध्येही भरायचा असतो हे लक्षात ठेवूनच आकडा ठरवावा. मे महिन्याच्या कमाईतून जून ते ऑगस्टचे तीन हप्ते बाजूला काढून ठेवले, तर चतुर्थीपर्यंत दुकानदाराची झोप उडत नाही.

गिऱ्हाइकाला बिल द्यावंच. त्यावर टायरचा नंबर आणि वॉरंटी लिहून द्यावी. बनवण्यातला दोष निघाला, तर कंपनी टायर तपासून, किती झिजला ते बघून त्या हिशेबाने भरपाई देते. खड्ड्यात आपटून कापलेला टायर साधारणपणे त्यात बसत नाही. हे विकतानाच सांगितलं, तर नंतर भांडण होत नाही.

जुने टायर साठवू नका

दुकानामागे पडलेल्या टायरांत पावसाचं पाणी साचतं आणि तिथेच डेंग्यूचे डास वाढतात. काही टायर जेटीवर होड्यांच्या बाजूला लावायला जातात, काही चाकं कुंपणाला. बाकीचे छपराखाली ठेवावेत आणि पावसाआधी भंगारात देऊन मोकळं व्हावं. थंडीत शेकोटीला किंवा कचऱ्याबरोबर टायर जाळणं तर बंदच करायला हवं. त्याचा काळा धूर शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या-पोरांच्या छातीत जातो.

दुकान चांगलं की नाही, कसं ओळखायचं?

दुकान काढणाऱ्याने जे पाळायचं, तेच गिऱ्हाइकाने बघायचं :

- कामाचे दर भिंतीवर लिहिलेले आहेत का?
- टायर दाखवताना तारीख स्वतःहून दाखवतात का?
- जुना टायर चालण्यासारखा असेल तर तसं सांगतात का?
- साइडवॉलच्या भोकाला पट्टी मारायला नकार देतात का?
- टायर बसवल्यावर नवीन व्हॉल्व्ह आणि मीटर लावून हवा बघतात का?
- नटबोल्ट शेवटी हाताच्या पान्याने आवळून तपासतात का?
- बिल देतात का?

यातल्या पाच प्रश्नांना ‘हो’ असेल, तर दोन-तीनशे रुपये वाचवायला कणकवली किंवा कोल्हापूर गाठायची गरज नाही. पेट्रोल आणि अर्धा दिवस वाचतो, पैसा तालुक्यातच राहतो आणि एखाद्या पोराला मुंबईचं तिकीट काढावं लागत नाही. यंदाचा पाऊस पडण्याआधी एवढं मात्र करावं : मे महिना संपायच्या आत गाडी जवळच्या दुकानात न्यावी आणि स्टेपनीसकट सगळे टायर बघून घ्यावेत.